मीठ-कोळशाचा खड्डा

भासऱ्यांच्या नव्या घराची वायरिंग मी केली, हे आमच्या गावात काही जणांना अजून पचलेलं नाही. न पचो. घरात लाइट आहे, फ्रिज चालतो, मोरीतला नळ धरला तर कोणाच्या हाताला झिणझिण्या येत नाहीत, एवढं मला पुरे. पण त्या घराच्या कोपऱ्यावर जो खड्डा आहे, त्यावरून लोक तेव्हा जे बोलले आणि पाठीमागं आजही बोलतात, त्याचा हिशेब मी इथं करणार आहे. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते. भांडताना आमची.

माझं माहेर आर्णीचं. बापाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी यायच्या, बाप त्यांच्या पोटातली तांब्याची तार उपसून नवी भरायचा, आणि व्हार्निशचा वास आमच्या वरणभातालाही लागायचा. दहावीनंतर मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला. वर्गात मुलगी मी एकटीच. आई रडली, मामा म्हणाला पोरीला शिवणकाम शिकवा. मी म्हटलं, मामाजी, शिलाई मशीनलाही आता मोटारच लागते. लग्न होऊन मी फुलसावंगीच्या पलीकडच्या गावात आले. सासरी कापूस, तूर, सोयाबीन. नवरा सरळ माणूस, माझ्या कामाला त्याची आडकाठी कधीच नव्हती, फक्त मोठ्या भावासमोर त्याचं तोंड उघडत नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, बाईच्या हातात टेस्टर शोभत नाही. मिक्सर बंद पडला की त्याच बायका पदराखाली मिक्सर झाकून माझ्याकडे आणायच्या.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही. ते अंगणात आले की पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. काही सांगायचं असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, ते ऐकतात. तिसरं कोणी नसलं तर भिंतीला सांगायचं. मी म्हशीला सांगायची. "म्हशी, स्क्रू संपले वं," असं मी मोठ्यानं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी स्क्रूची पुडी ओट्यावर असायची. हसू नका. अर्ध्या घराची वायरिंग आम्ही त्या म्हशीच्या मध्यस्थीनं केली आहे.

काम मला मिळालं ते काही कौतुकानं नाही. शहरातला वायरमन आज येतो, उद्या येतो म्हणत तारखा देत राहिला, इकडे स्लॅब पडला, प्लास्टर झालं, वास्तूचा मुहूर्त निघाला. मग भासरे नवऱ्याला म्हणाले, तिले जमते का, विचारून पाय. जमते म्हणजे काय! मी त्याच दुपारी भिंतीवर खडूनं रेघा मारायला लागले.

मीटर जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर. नवं घर मागे, आणि त्याच्याही मागे गोठा, लोखंडी खांबांचा, वर टिनं. मधल्या अंगणातून कापसाची भरलेली गाडी जाते. वरून तार नेली तर ती गाडीत अडकून तुटणारच, म्हणून मी ठरवलं की जमिनीतून आर्मर केबल न्यायची. ही केबल साधी नसते. वरून काळं जाड प्लास्टिक, त्याच्या आत लोखंडी तारांचं कवच, आणि कवचाच्या आत करंटच्या वायरी. वाकवायला जड, कापायला त्याहून जड. करवतीनं कवच कापताना आतल्या वायरीला ओरखडा नाही पडला पाहिजे, म्हणून मी श्वास धरून कापते. अंगणात चर खोदला, वाळू पसरली, केबल टाकली, वर विटा लावल्या. गोठ्याच्या टोकाला लोखंडी खांबावर खोका बसवून केबलचं कवच त्याला आवळलं, आणि चांगली दोन हात जास्तीची केबल तिथंच गुंडाळी करून ठेवली. उरलेल्या तुकड्यांच्या लोखंडी तारा सोलून बायकांनी कपडे वाळवायला नेल्या. आमच्याकडे काही वाया जात नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. लोकांना वाटतं, लोखंडाचं कवच आहे म्हणजे झालं, आता कायची भीती. अरे बाबांनो, लोखंडातून करंट जातो! आतली वायर कुठं दुखावली तर करंट त्या कवचात येतो. कवच जमिनीशी जोडलेलं असलं, म्हणजे अर्थिंग असलं, तर करंट धाडकन जमिनीत जातो, फ्यूज उडतो, आणि विषय संपतो. जोडलेलं नसलं तर करंट त्या लोखंडात बसून राहतो, कोणाचा तरी हात लागेपर्यंत. म्हणून खड्डा. खोल खणायचं, लोखंडी पाइप उभा करायचा, त्याच्याभोवती खड्यांचं मीठ आणि कोळसा यांचे थरावर थर द्यायचे, पाणी ओतायचं. मिठानं आणि कोळशानं जमिनीत ओल राहते. मोरीचं पाणी जिथं मुरतं तो घराचा गोठ्याकडचा कोपरा मी निवडला, केबल गोठ्यात वर येते ती तिथंच.

आणि दिवस निवडला अवसेचा. का? तर अवसेला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. माणसं रिकामी असतात, सब्बल म्हणजे पहार, फावडं, सगळं रिकामं असतं, नवरा मदतीला मिळतो. माझ्या डोक्यात एवढंच होतं. शेजारच्या काकूंच्या डोक्यात काय आलं असेल, ते तुम्हीच बघा: अवसेचा दिवस, थोरल्या जावेचं नवं घर, आणि त्याच्या कोपऱ्यावर धाकटी जाऊ मीठ, कोळसा आणि लोखंड पुरते आहे. काकूंनी भिंतीवरून डोकं काढून विचारलं, काय पुरून राह्यली वं? मी म्हटलं, अर्थिंग. त्यांचं डोकं भिंतीआड गेलं. भासऱ्यांना कळावं म्हणून मी म्हशीला सगळं नीट समजावून सांगितलं, खड्डा कशासाठी, तो उकरायचा काहून नाही. पण भासरे त्या वेळी गोठ्यात नव्हते. म्हशीला मात्र पक्कं माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात त्या म्हशीनं दूध चोरलं, म्हणजे पान्हा सोडेना. रेडकू मोठं झालं होतं, थंडीही होती, म्हशी असं करतात. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आधी विहिरीवर, मग गिरणीवर, मग माझ्या पाठीमागं सगळीकडे एकच गोष्ट: लहानीनं मोठीच्या घरावर करणी केली. कोणी तोंडावर बोललं नाही. नुसतं मी गेले की बोलणं थांबायचं. ज्यांनी हे कधी सोसलं नाही त्यांना सांगते, आमच्या भागात बाईला हा शब्द एकदा चिकटला की तो तिच्या मयतापर्यंत जातो. तिच्या हातचं कोणी खात नाही, तिच्यासमोर लेकराला कोणी पाजत नाही. मग तिला वायरिंगला घरात कोण घेणार? मला राग आला, पण मी गप्प राहिले. चुलत बहिणीचं लग्न होतं, मी आर्णीला निघून गेले.

परत आले ती वास्तूच्या आदल्या दिवशी, दुपारची. दारात मंडप घातलेला, फरशीवाले आवराआवर करत होते, त्यांच्या मशीनसाठी मी जाताना मीटरजवळच्या जुन्या कटआउटवरून, म्हणजे फ्यूजच्या खोक्यावरून, नव्या केबलला तात्पुरता जोड देऊन ठेवला होता. गोठ्याकडे पाहिलं तर म्हैस बाहेर निंबाखाली. आणि गोठ्याच्या तोंडाशी नवा खुंटा ठोकलेला. जवळ जाऊन पाहते तर तो माझा पाइप.

कोपऱ्यावर ताजी माती. खड्डा उकरून सपाट केलेला, वर लिंबू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊबाई मोरीशी भांडी घासत होत्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, म्हैस दोन दिवसांपासून गोठ्यात पाय नाही ठेवून राह्यली, खांबाजवळ गेली की उड्या मारते. हे ऐकलं आणि माझा राग पळाला. मी पेटीतून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे दोन वायरींना लावलेला साधा बल्ब. एक वायर न्यूट्रलला, दुसरी गोठ्याच्या खांबाला. बल्ब लख्ख पेटला. सबंध गोठा करंटमध्ये होता. खांब, टिनं, सगळं. जाऊबाई रोज सकाळी त्याच खांबाला हात टेकून धार काढायला बसतात. म्हैस आत गेली नाही म्हणून त्या दोन दिवस बाहेर बसल्या, एवढ्यावर वाचल्या.

मी धावत जाऊन कटआउट उपसला. त्याची चिनीमातीची मूठ कमरेला खोचली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत काढली नाही.

मग कळलं ते असं. जाऊबाईंनीच गड्याकडून खड्डा उकरून घेतला होता. मीठ-कोळसा नाल्यात टाकला. उकरताना गड्याची सब्बल केबलवर बसली, कवच आत दबून करंटच्या वायरीला भिडलं. तेव्हा लाइट गेलेली होती म्हणून कोणाला कळलं नाही. नंतर लाइट आली, अर्थिंग तर उपटून टाकलेलं, मग फ्यूज उडणार कसा? जाऊबाईंनी हे सगळं भांड्यांकडे पाहत सांगितलं. का उकरला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला माहीत होतं.

संध्याकाळी नवरा हळूच म्हणाला, असं करू, खड्डा गोठ्यामागं कोणाला न दिसता करू, मीठ-कोळसा राहू दे, नुसता पाइप ठोकू. पाहुणे आले आहेत, कायले तमाशा. माणूस वाईट नाही तो. पण मी म्हटलं, "चोरून पुरलं तर ते खरंच करणी होईल. मी चोरून काही पुरत नाही."

एवढ्यात भासरे आले. दारात उभे राहून नवऱ्याला म्हणाले, तिले विचार लाइट कव्हा चालू होते. मी पदर डोक्यावर घेतला, नीट घेतला, आणि वळून त्यांच्याकडे तोंड केलं. त्यांना हाक काय मारायची हेही मला ठाऊक नव्हतं, कारण लग्नापासून कधी मारलीच नव्हती. म्हणून बिनहाकेचंच बोलले.

"लाइट नाही चालू होनार. जो खड्डा तुमच्या घरच्याइनं उकरला, तो तुमच्या घरच्याइनं भरायचा. उद्या, सगळ्याइसमोर. मग मी कटआउट लावीन."

नवरा माझ्याकडे पाहतच राहिला. भासरे जमिनीकडे पाहत त्याला म्हणाले, "तिले म्हना, दारात मंडप आहे. माही इज्जत आहे."

"माही नाई का?" मी विचारलं.

ते निघून गेले. इतकी वर्षं साठलेलं ते बाहेर आलं होतं. गावातला एक उपटसुंभ दुसरा कटआउट घेऊन जोड द्यायला आला होता. त्याला मी गोठ्याचा खांब दाखवला आणि म्हटलं, तू लाइट चालू कर अन् मग या खांबाले हात लावून दाखव. तो आल्या पावली परत गेला.

सकाळी मी नवं लुगडं नेसले, कारण वास्तू होती, आणि त्याचा काचा मारून खड्डा खोदला, कारण कामही होतं. त्याच कोपऱ्यावर, मंडपाच्या अगदी कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. दुखावलेली केबल तेवढी कापून टाकली, गुंडाळी करून ठेवलेली दोन हात इथं कामी आली, टोक पुन्हा सोललं, कवच खोक्याला आवळलं. खुंटा झालेला पाइप उपटून आणला, धुतला, खड्ड्यात उभा केला. शेजारी मिठाचं पोतं, कोळशाचं पोतं. आणि खड्ड्याच्या काठावर मी बसले.

आत वास्तू चालू होती. समईच्या उजेडात होम झाला. मोटार बंद, म्हणून स्वयंपाकाला पाणी हातपंपावरून आणावं लागलं, आणि आणणारे सगळे माझ्यासमोरूनच गेले. भोंगा मुका. मंडपातले पंखे मुके. माझ्या सासूनं दोनदा निरोप धाडला, उठ म्हणून. मी उठले नाही. बायका हळदीकुंकू लावत फिरत होत्या. शेजारच्या काकू माझ्यापर्यंत आल्या आणि मला ओलांडून त्यांनी पुढच्या बाईला कुंकू लावलं. मंडपातल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

तेव्हा मी उभी राहिले. भांडायचं नव्हतं मला, पण आवाज माझा मूळचाच मोठा.

"हाव, मीनंच पुरलं," मी म्हटलं. "मीठ पुरलं, कोळसा पुरला, लोखंड पुरलं. अवसेले पुरलं. आज भरल्या मंडपात पुन्हा पुरून राह्यली. करंट मानसाच्या अंगात जाऊ नये, जमिनीत जावा, म्हनून पुरते. माह्या बापाच्या दुकानापुढं आहे असा खड्डा, तुमच्या पोराइच्या शाळेच्या मागं आहे, जिथं जिथं लाइट नीट लावली तथी आहे. याले करणी म्हनायचं तर म्हना. मग प्रत्येकीच्या दारात मी करणी करनार आहे. अन् जिले भीती वाटते तिनं आपल्या घरचा मिक्सर मले आनू नये."

मंडपात कोणी हललं नाही. भासरे मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. आजही माझ्याशी बोलत नाहीत, तो त्यांचा प्रश्न. मी पुन्हा बसले. खरं सांगते, मला तेव्हा वाटलं की मी हरले. कोणी उठणार नाही, जेवणं होतील, पाहुणे जातील, आणि मी त्या खड्ड्याशी तशीच बसून राहीन, गावभर करणीवाली हे नाव घेऊन.

जाऊबाई पूजेतून बाहेर आल्या. कपाळाला अक्षता, अंगावर वास्तूचा नवा शालू, पदराची गाठ नुकतीच सोडलेली. त्या कोणाकडे न पाहता सरळ माझ्याकडे आल्या. मिठाचं पोतं उचलवलं नाही त्यांना, म्हणून खाली बसून दोन्ही हातांनी ओंजळीनं मीठ घेतलं आणि खड्ड्यात टाकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा टाकलं. मंडपातून कोणी तरी त्यांना हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी विचारणार नव्हते, पण विचारलंच गेलं. "बाई, तुम्हाले खरंच वाटलं का, मी तुमच्या घरावर असं करीन?"

"नाई वाटलं," त्या म्हणाल्या. त्यांचे हात चालूच होते. "एक दिवस नाई वाटलं. पन साऱ्या बाया म्हनून राह्यल्या होत्या. मी खड्डा ठेवला असता तर मलेबी तुह्यातलीच म्हनलं असतं. मले भेव वाटलं वं."

"अन् आता?"

त्यांनी मान वर केली. मंडपाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग हातातलं मीठ खड्ड्यात सोडलं.

"आता झाली न मी तुह्यातली," त्या म्हणाल्या. "अजून किती टाकू?"

डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दाखवायचे नव्हते. मी पाइप सरळ धरला आणि कोळशाचं पोतं त्यांच्याकडे सरकवलं. "पुरे मीठ," म्हटलं. "आता कोळशाचा थर टाका."